खोततात्यांची पत्तेवही

खोततात्या कुणालाही "काय, बरं हाय का?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "तितंच हाय न्हवं?"

म्हणजे तुम्ही राहत होता तिथंच राहताय ना, की जागा बदलली? बदलली असेल तर कधी, कुणाच्या घरात, दार रस्त्याकडं की बोळात? एवढं कळलं की तात्यांच्या लेखी तुमची खुशाली विचारून झाली. तुम्हाला ताप असो, मुलगा नापास झालेला असो, तुम्ही जागेवर आहात ना, मग सगळं ठीक. गावात नवा भाडेकरू आला की घरमालक त्याला आधीच सांगून ठेवतात, खाकी शर्टातला एक माणूस येईल आणि पायऱ्या मोजील, घाबरू नका.

तात्या आमच्या पोस्टातले पोस्टमन आणि मी तिथं काउंटरवर. गावाचं नाव मी सांगणार नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचं हे गाव. त्याच नावाची आणखी चार गावं आसपास आहेत, आणि मी नुसतं नाव सांगून मोकळी झाले तर तात्याच पहिल्यांदा म्हणतील, "म्याडम, पिनकोड कुटं हाय?"

सहा वर्षांपूर्वी मी साताऱ्याहून बदलून इथं आले. पहिल्याच दिवशी तात्यांनी विचारलं, "उतरलाय कुटं?"

"स्टँडच्या मागं, शिंद्यांच्या घरात."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जणू "पृथ्वीवर" म्हणाले होते. "स्टँडच्या मागं शिंदे सात हायेत," एवढंच बोलून ते टपाल लावायला लागले. संध्याकाळी माझ्या दारावर थाप. बाहेर तात्या. या म्हटलं तरी आत आले नाहीत. चौकटीवरचा नंबर पाहिला, वरच्या मजल्यावर कोण राहतं ते विचारलं, मग पिशवीतून एक जाड वही काढली आणि उंबऱ्यावर ठेवून उकिडवे बसले.

"घरात कोन कोन?"

"मी आणि आमचे मिस्टर. ते कुपवाडला कारखान्यात आहेत. तिकडंच खोली आहे, सुट्टीला येतात."

त्यांनी काय लिहिलं ते मी वाकून वाचलं. 'म्याडम, कायम. मिस्टर, फक्त रविवार.' लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती, पण आमच्या संसाराचं इतकं नेमकं वर्णन तोवर कुणी केलं नव्हतं.

ही वही हे तात्यांचं खरं घर. पोस्टाची म्हणून एक यादी असते, ती दोन पानी आहे आणि तिच्यात निम्मी माणसं स्वर्गात गेलेली आहेत. तात्यांच्या वह्या चार, साखरेच्या पोत्याच्या कापडात बांधलेल्या. प्रत्येक घराला अर्धं पान. कोण राहतं, कोण नोकरीला बाहेर असतं, पत्र कुणाच्या हातात द्यायचं आणि कुणाच्या हातात चुकूनही द्यायचं नाही, कुत्रं आहे का, असेल तर चावतं की नुसतं बोलतं, हे सगळं बारीक अक्षरात. वीस-पंचवीस वर्षं ते हे लिहीत आलेत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी त्याबद्दल कधी शाबासकीही दिली नाही.

आणि अशी वही नसती तर आमचं पोस्ट चाललंच नसतं. गावात निम्मे लोक माने, आणि मान्यांच्यात कधी काळी संपत नावाची साथ येऊन गेली असावी. नऊ संपत माने आहेत. त्यातले दोन फौजेत. वहीत ते असे आहेत: 'संपत माने (मुऱ्हा म्हैस)', 'संपत माने (फौजी, मिशी)', 'संपत माने (फौजी, बिनमिशी)', 'संपत माने (बोलत नाही)'.

"हे मुके आहेत का हो?" मी विचारलं.

"न्हाई. माज्यासंगं बोलत न्हाई."

एकदा मुऱ्हा म्हशीच्या संपतनं म्हैस विकली. त्याच दिवशी दुपारी तात्या त्याच्या दारात. "आता तुजी वळख काय रं?"

"आवं तात्या, मी संपतच हाय की."

"संपत नऊ हायेत."

"मग काय, म्हस परत आनू?"

"आन. न्हाई जमत तर मिशी राख."

पुढच्या महिन्यात त्यानं खरंच म्हैस आणली. त्याला दूध हवं होतं म्हणून आणली असं संपत म्हणतो. तात्यांचं मत वेगळं आहे.

रस्ता रुंद करायला लोक आले तेव्हा चौकातला कडुलिंब जायचा होता. तात्यांनी सायकल झाडाला लावली आणि तिथंच उभे राहिले. मुकादम सांगलीकडचा, त्याला वाटलं देवाबिवाचं झाड आहे. "काय हाय काय ह्याच्यात?" त्यानं विचारलं. तात्या म्हणाले, "चार घरांचा पत्ता हाय." मुकादमानं हात जोडले, झाड पाडलं, पण खोड तेवढं रस्त्याच्या कडेला राहू दिलं. ती चार घरं आता वहीत 'लिंबाच्या खोडामागे' राहतात. बाहेरगावचे कुरियरवाले पोरगे मोबाईल हातात धरून गावभर हिंडतात आणि शेवटी पोस्टात येतात. त्यांच्या नकाशात गणपा मोऱ्याच्या घराचा ठिपका बरोबर विहिरीवर पडतो. "मोबाईल म्हंतोय गणपा हिरीत ऱ्हातो," तात्या मला सांगत होते, आणि त्यांना इतकं हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही. दुसऱ्याची चूक सापडली की माणूस खुलतोच. हसून झाल्यावर त्या पोराला गणपाच्या दारापर्यंत पोचवून आले मात्र.

भावाभावांत वाटण्या झाल्याचं तलाठ्याला कळायच्या आधी तात्यांच्या वहीत येतं. त्यांचं माप एकच. चूल वेगळी झाली की पान वेगळं. जमिनीचे कागद काहीही म्हणोत. एका घरी तात्यांनी नवं पान काढलं आणि तेव्हा धाकट्या सुनेला कळलं की थोरलीनं माळवदाखाली वेगळी चूल मांडलीय. त्या दिवशी तिथं जे रामायण झालं त्याचा दोष गावानं तात्यांना दिला. तात्यांना त्याचं काही वाटलं नाही. "मी काय लावालावी केली व्हय? धूर दोन जाग्यावरनं येत व्हता," म्हणाले.

पण माणूस कोरडा आहे म्हणावं तर तसंही नाही. कुणी वारलं की नियमाप्रमाणं त्याच्या नावाच्या पाकिटावर 'मयत' लिहून ते परत पाठवायचं. तात्या तेरा दिवस लिहीत नाहीत. तेरा दिवस त्या माणसाचं पत्र त्याच्या घरी जातं, आणि तात्या दारात उभे राहून पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचतात, तो असताना वाचायचे तसंच. घरातलं कुणी तरी येऊन घेतं. एका म्हातारीनं तर तिच्या मालकाचं नाव दुसऱ्यांदा वाचून घेतलं होतं. मी एकदा म्हटलं, "तात्या, हे कुठल्या नियमात बसतं?" तर म्हणाले, "तेरा दीस मानूस पत्त्यावरच आस्तंय, म्याडम." चौदाव्या दिवशी पट्टी घेऊन सरळ रेघ मारतात.

त्यांना एकच गोष्ट जमत नाही, ती म्हणजे पाकिटावर 'सापडत नाही' असा शेरा मारणं. पोस्टात तो रोज लागतो, आमच्याकडं त्याचा शिक्काच आहे. तात्यांनी तो शिक्का कुठं ठेवलाय ते त्यांनाही आठवत नाही म्हणतात. "सापडत न्हाई म्हंजे काय? आपन हुडकलं न्हाई म्हना," असं त्यांचं म्हणणं. अपुरा पत्ता आला की तात्यांचा चेहरा उजळतो. दुपारचं जेवण टाकून जातात, पण माणूस काढतातच.

आता गावातल्या लग्नांत ते कसे वागतात ते सांगते, आणि इथं माझं त्यांचं कधी जमलं नाही. गावात मुलीचं लग्न असलं की तात्या वही घेऊन मांडवात. वऱ्हाडातला एखादा शहाणा म्हातारा गाठायचा, त्याच्याकडून मुलीच्या सासरचा पूर्ण पत्ता घ्यायचा, आणि शेवटच्या अक्षता पडल्या की तिथंच, लोक जेवायच्या पंगतीकडं पळत असताना, माहेरच्या पानावरचं मुलीचं नाव काटायचं. पुढं लिहायचं, 'सासरी', आणि गाव.

मी चिडायचे. "अहो, ती अजून मांडवात आहे. आईच्या गळ्यात पडून रडतेय."

"रडून झालं की जानारच हाय न्हवं. ऱ्हात न्हाई तितं नाव ठिवायचं म्हंजे खोटं ठिवायचं."

"आणि ती माहेरी येते त्याचं काय?"

"पावनी येती. पावन्याचं नाव वहीत नस्तंय."

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. मी माहेरी गेले की आई अजून माझं कपाट रिकामं ठेवते हे मी त्यांना सांगितलं नाही.

तात्यांना एकच मुलगी, सुजाता. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. मुलीला तात्यांनीच वाढवलं, वेण्या घालण्यापासून सगळं. ती नर्सिंग शिकली. तात्यांचा डबा घेऊन पोस्टात यायची आणि माझ्या काउंटरशी उभी राहून गप्पा मारायची. सरकारी दवाखान्यातल्या नोकरीचा अर्ज तिनं माझ्याकडूनच रजिस्टर करून पाठवला होता. निकाल यायच्या आधी तिचं लग्न ठरलं, फलटणला. माणसं चांगली, उसाची शेती, मुलगा शिकलेला.

चार वर्षं झाली त्याला. मांडवात मी तात्यांच्या शेजारी उभी होते. मला वाटलं, निदान आज तरी हा माणूस वही काढणार नाही. शेवटचं मंगलाष्टक झालं, अक्षता पडल्या, आणि तात्यांनी वही काढली. स्वतःच्या घराच्या पानावर रेघ मारली. पट्टी आणली होती बरोबर. पुढं फलटणचा पत्ता लिहिला, पिनकोडसकट, आणि वही बंद करून पंगतीत वाढायला गेले.

लग्नाला दीड महिना झाला असेल. पंचमी चार दिवसांवर आली होती. नव्या नवरीची पहिली पंचमी माहेरी, म्हणून सुजाता येणार होती. तात्यांनी पुरणाच्या दिंडांसाठी डाळ-गूळ आणून ठेवला होता, शेजारणीला सांगूनही ठेवलं होतं. आणि त्या सकाळी टपालात सुजाताच्या नावाचं रजिस्टर पत्र आलं. पत्ता तात्यांच्या घरचा. अर्ज लग्नाआधीचा, पत्ता दुसरा कुठला असणार?

मी आत पोस्टमास्तरांकडं होते, मला काही ठाऊक नाही. तात्यांनी नाव वाचलं, वहीत पाहिलं. वहीप्रमाणं ही बाई या पत्त्यावर राहत नव्हती. त्यांनी तांबड्या शाईनं पत्ता काटला, फलटणचा लिहिला, आणि पत्र त्याच दिवशीच्या पिशवीतून रवाना झालं. पुढं चार दिवसांनी पत्र फलटणला पोचलं आणि त्याच दिवशी सुजाता इथं आली. एसटी आणि टपालाची गाडी वाटेत कुठं तरी एकमेकींना ओलांडून गेल्या असतील.

ती दहा दिवस माहेरी होती. झोके खेळली, दिंडं खाल्ली. तात्यांनी पत्राचा विषय काढला नाही. पत्रात काय आलं हे पोस्टमननं विचारायचं नसतं, हा त्यांचा आणखी एक नियम. त्यांना वाटलं, तिनं फोनवर घरच्यांकडून वाचून घेतलं असेल, सांगायचं तेव्हा सांगेल. तिकडं फलटणला सासऱ्यांनी सही करून पत्र घेतलं, आणि सासूबाईंनी सरकारी कागद म्हणून ते जपून देव्हाऱ्यात औंधच्या यमाईच्या तसबिरीमागं ठेवलं. हरवू नये म्हणून. मग सगळेच विसरले. घट बसायच्या आधी देव्हारा पुसायला काढला तेव्हा ते सापडलं. नोकरीवर हजर व्हायची तारीख उलटून गेली होती.

सुजाता दुसऱ्या दिवशी फलटणहून आली, पोस्टात, सगळ्यांसमोर. ओरडली नाही. पाकीट तात्यांच्या टेबलावर ठेवलं, त्यावर त्यांचं तांबड्या शाईचं वळणदार अक्षर. म्हणाली, "तात्या, घरात चार दिवस पत्र ठेवायला जागा नव्हती का?"

तात्या म्हणाले, "तू तितं ऱ्हात न्हाईस, बाळ."

ती निघून गेली. त्यानंतर माहेरी आली नाही. दिवाळीला नाही, पंचमीला नाही. तात्यांचा फोन गेला तर जावई उचलायचा, सगळं ठीक आहे म्हणायचा. तात्या पोस्टात तसेच वागत राहिले, तसेच "तितंच हाय न्हवं?" विचारत राहिले. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की मी त्यांच्याशी तुसडेपणानं बोलायचे. त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

यंदा उन्हाळ्यात एका दुपारी मला सुजाताचा फोन आला. तिनं पुन्हा परीक्षा दिली होती. वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचं वर्ष, आणि निवड यादीत तिचं नाव होतं. "ताई, आता सगळं मोबाईलवर कळतं, पण हजर होण्याचा हुकूम टपालानंच येतो. तो हातात असल्याशिवाय घेत नाहीत. घरी सगळे दिवसभर रानात असतात, परत कुणी कुठं ठेवलं तर? मी अर्जात तुमचा पत्ता दिलाय. विचारलं नाही आधी, चुकलं."

"बरं केलंस," मी म्हटलं. "पण अगं, माझं टपाल वाटतं कोण?"

ती म्हणाली, "तेवढं तुम्ही बघा."

मी कसलं बघणार? तात्या मला माझं पत्र काउंटरवर कधी देत नाहीत. शेजारच्या टेबलावर बसलेली असते मी, हात लांब केला तर मिळेल. पण नाही. "पत्ता घरचा हाय, टेबलाचा न्हाई." दुपारच्या सुट्टीत मी घरी जायचं, मग त्यांनी सायकलवरून येऊन ते द्यायचं. अशा माणसाच्या हातात आपल्याच मुलीचं पत्र पडणार, जिथं ती राहत नाही अशा पत्त्यावरचं. नियमानं त्यांनी ते फलटणला वळवायचं किंवा आलं तिथं परत धाडायचं. दोन्ही वाटांनी सुजाताची नोकरी जाणार होती. पंधरा दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

पत्र मंगळवारी आलं. तात्या टपाल लावत होते. त्यांचा हात थांबलेला मी पाहिला. त्यांनी पाकीट लांब धरलं, जवळ धरलं, फलटणच्या कप्प्यात टाकलं. पुन्हा काढलं. मग माझ्याकडं न बघता पिशवीत ठेवलं आणि सायकल काढली.

दीडच्या सुट्टीत मी घरी धावले. दहा मिनिटांनी घंटी वाजली. तात्या पायरीवर उभे राहून पाकिटावरचं नाव वाचायला लागले, त्यांच्या रोजच्या आवाजात. "रजिस्टर हाय. सुजाता दत्तात्रय खोत. हितं ऱ्हात्यात का?"

"राहते," मी म्हटलं.

"म्याडम, ती हितं ऱ्हात न्हाई."

"मी सांगतेय ना राहते. लिहा वहीत."

"खोटं हाय ते."

मग माझा तोल गेला. काय बोलले ते आठवून अजून वाईट वाटतं, पण बोलले. "मग पाठवा परत! शोधून काढा तो तुमचा शिक्का आणि लिहा त्याच्यावर, बापाला मुलगी सापडत नाही!"

तात्या खाली बसले, माझ्या पायरीवर. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी त्यांना आठ-दहा मिनिटं तरी तसंच बसलेलं पाहिलं असेल, आणि आत जाऊन पाणी आणायचंही मला सुचलं नाही. त्यांचं वय मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"हुकूम आला आसंल न्हवं ह्याच्यात?" त्यांनी विचारलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पत्रात काय आहे ते विचारलं होतं.

"हो."

"कवा हजर व्हायचं?"

"सोमवारी. तिला मोबाईलवर कळलंय."

त्यांनी पाकीट पिशवीत न ठेवता शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. "हितं ती ऱ्हाती, आसं मी लिव्हनार न्हाई. आन वळवायचं म्हनाल तर म्या एकदा वळवलंया." मग उठले. "रजेचा अर्ज तेवढा लिवून द्या. आडीचची एस्टी गावंल."

"तात्या, तुमच्या हद्दीबाहेर आहे ते. रजिस्टर पत्र असं नेता येत नाही."

"ठावं हाय मला."

चार दशकांच्या नोकरीत या माणसानं हद्दीबाहेर एक पोस्टकार्डसुद्धा नेलं नव्हतं. मी अर्ज लिहिला. कारण म्हणून 'घरगुती काम' लिहिलं, त्यांनी ते वाचलं आणि प्रथमच काही दुरुस्ती न करता सही केली. वाटपाची नोंद करायच्या पोस्टाच्या मोबाईलवर त्या पत्रापुढं त्यांनी 'आज व्यक्ती पत्त्यावर नाही' असं टाकलं. ते तर खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी वेळेवर आले. सही केलेली पावती माझ्या टेबलावर ठेवली, सुजाताची सही, तारीख, वेळ. आणि टपाल लावायला बसले.

"दिलं?" मी विचारलं.

"दिलं."

"काय म्हणाली?"

"सई केली."

यापलीकडं एक अक्षर काढलं नाही. मला त्यांची मान धरून हलवावीशी वाटली.

संध्याकाळी सुजाताचा फोन आला. आधी नुसती रडत होती. मग म्हणाली, ती ओट्यावर गहू निवडत होती, सासूबाई शेजारी होत्या, आणि तात्या फाटकातून आत आले. पत्र दिलं, सही घेतली, आणि पावती खिशात घालून तिथंच उभे राहिले. जात नव्हते, बसत नव्हते. सासूबाई म्हणाल्या, आवं इवाई, टेका की. तर म्हणाले, "माजं चुकलं. चार दीस घरात ठिवाय पायजे व्हतं." आणि सगळ्यांसमोर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले.

"जेवून गेले ताई. दोन भाकरी खाल्ल्या. मी शेवटच्या एसटीपर्यंत सोडायला गेले."

"बरं झालं गं बाई," मी म्हटलं. "चार वर्षांनी का होईना, घर बघितलं तुझं."

"घर त्यांना माहीत आहे, ताई," ती म्हणाली. "ते दर महिन्याला येतात."

मला काही कळेना.

"त्या पत्रावरनं मी पोस्टात बोलून गेले तेव्हापासून. महिन्यातल्या ठरलेल्या रविवारी, दुपारच्या एसटीनं. आमच्या समोर पिठाची चक्की आहे, तिथं उभे राहतात. पिशवीत थोडे गहू आणतात, दळायला आल्यासारखे. आमच्या दाराकडं बघतात, मी दिसले की जरा बघतात आणि दळण घेऊन परत जातात. पावसात पण आले. चक्कीवाल्याला सांगितलंय म्हणे, इथला पत्ता बरोबर आहे का ते बघायला येतो."

रविवारी तात्या कुठं असतात, हे गावात कुणी कधी विचारलं नव्हतं. सगळ्यांचा ठावठिकाणा ज्याला ठाऊक, त्याला कोण विचारणार? आणि मी, शेजारच्या टेबलावर बसून, या माणसाला फक्त घरं कळतात, माणसं कळत नाहीत असं चार वर्षं म्हणत आले.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या महिन्यापासून. त्या रविवारी मी कपडे पुढच्या अंगणातच वाळत घालायची. हळूहळू घालायची."

"अगं मग हाक का नाही मारलीस कधी?"

"राग होता, ताई. खोटं कशाला सांगू? आणि नंतर राग गेला तेव्हा भीती वाटायला लागली. मी हाक मारली, आणि लाजून ते यायचेच बंद झाले तर?"